वायू तापवला कुणी?

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व इतकं निवलं की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांना धरून राहू लागले आणि सगळीकडे साधा, उदासीन हायड्रोजन भरून राहिला. सोबत थोडा हेलियम. पुढे कोट्यवधी वर्षं हा वायू नुसता पसरत आणि गारठत गेला. त्याला कशाचीच आच लागली नसती, तर महास्फोटानंतर ६४ कोटी वर्षांनी त्याचं तापमान जेमतेम दीड-दोन केल्विन भरलं असतं. त्या वेळी महास्फोटाचं उरलेलं प्रारण २४-२५ केल्विनवर होतं, म्हणजे वायू आपल्या भोवतालापेक्षाही थंड. आज दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत जो विरळ हायड्रोजन आहे तो मात्र हजारो अंश तापलेला आहे, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉन सुटलेला आहे. हा बदल सांगताना बहुतेक पुस्तकं 'पुनर्आयनीभवन' एवढं म्हणून पुढे जातात. वास्तविक इथे दोन घटना एकाखाली एक दडलेल्या आहेत: आधी वायू तापला, मग त्याचे अणू फुटले, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉन सुटले. माझं म्हणणं असं की, कृष्णविवरांचा खरा हात पहिल्या घटनेत आहे आणि दुसऱ्या घटनेत तो फार थोडा आहे. पहिल्या घटनेचं श्रेयसुद्धा अब्जावधी सूर्यांएवढ्या राक्षसांना कमी आणि ताऱ्यांच्या मरणातून उरलेल्या लहान कृष्णविवरांना जास्त जातं. या निष्कर्षापर्यंत यायला खगोलशास्त्राला साठेक वर्षं लागली, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम जुन्नर तालुक्यात आहे.

१९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे असल्याचं दाखवलं. इतक्या दुरून इतकं तेज यायचं तर त्यामागे काय असेल, याचं उत्तर पुढच्याच वर्षी याकोव झेल्दोविच आणि एडविन सॅलपीटर यांनी स्वतंत्रपणे सुचवलं: प्रचंड वस्तुमानाच्या, कोसळलेल्या पिंडाकडे ओढला जाणारा वायू. कृष्णविवर स्वतः अंधारं असतं, पण त्यात पडणारा वायू पडता पडता तापतो आणि अतिनील व क्ष-किरण ओततो. १९६५ मध्ये कॅल्टेकमधले जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी अशा दूरच्या दिव्यांचा, म्हणजे क्वेसारांचा, वेगळाच उपयोग केला. ३सी ९ या क्वेसारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप; ती जितकी जास्त, तितकी वस्तू दूरची आणि तिचा उजेड जुना) २ च्या आसपास. त्याच्या आणि आपल्या मधल्या पोकळीत उदासीन हायड्रोजन थोडा जरी असता, तरी वर्णपटाचा ठरावीक भाग साफ गिळला गेला असता. तसं झालं नव्हतं. म्हणजे त्या काळापर्यंत पोकळीतला जवळजवळ सगळा हायड्रोजन फुटून गेलेला होता. मग फोडणारा कोण? समोर उपलब्ध असलेला सर्वांत प्रखर स्रोत क्वेसारच होता, त्यामुळे १९७० च्या सुमारास संशयाची सुई आपसूक त्याच्याकडे वळली. ज्याच्या उजेडात गुन्हा दिसला त्यालाच गुन्हेगार ठरवण्यासारखा हा प्रकार होता, पण तेव्हाच्या माहितीत तो गैर नव्हता.

या सगळ्या युक्तिवादाच्या मुळावरच एक आक्षेप होता, आणि तो मराठी वाचकांना अनोळखी नाही. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि पुढे जयंत नारळीकर यांना क्वेसारांची ताम्रसृती हे अंतराचं माप मानणं मंजूर नव्हतं. क्वेसार जवळपासचेच असतील, तर मधल्या हजारो कोटी प्रकाशवर्षांच्या पोकळीबद्दल त्यांचा उजेड काहीच सांगत नाही आणि गन-पीटरसन यांचा निष्कर्ष कोसळतो. आक्षेप तर्काला धरून होता आणि त्याला उत्तर देणं भागच होतं. १९७९ मध्ये ते मिळालं. एकाच क्वेसारची दोन प्रतिबिंबं सापडली. मधली दीर्घिका ०.३६ ताम्रसृतीची, मागचा क्वेसार १.४१ चा. मधल्या वस्तूच्या गुरुत्वाने मागच्याचा प्रकाश वाकला असेल, तर मागचा खरोखरच मागे आहे. शिवाय दूरच्या क्वेसारांच्या वर्णपटात वाटेतल्या वायूच्या शेकडो बारीक रेषा, चढत्या ताम्रसृतीच्या क्रमाने, दिसू लागल्या होत्या. नारळीकर शेवटपर्यंत आपल्या शंकांवर ठाम राहिले. २००० साली अशाच एका क्वेसारच्या वाटेतल्या वायूवरून, विश्व तरुण असताना महास्फोटाचं प्रारण आजच्यापेक्षा उबदार होतं, याचं थेट मोजमाप करणाऱ्या तिघांत रघुनाथन श्रीआनंद होते, नारळीकरांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले. वैचारिक मतभेदांना जागा देणारी संस्था कशी असते याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणं कठीण.

क्वेसार दूर आहेत हे मान्य झालं, तरी ते पुरेसे आहेत का हा प्रश्न उरलाच. मोजणी वाढत गेली तशी एक अडचण स्पष्ट झाली. ताम्रसृती २ ते ३ च्या दरम्यान, म्हणजे महास्फोटानंतर दोन-तीन अब्ज वर्षांनी, क्वेसारांची भरती आहे. त्याआधीच्या काळात जसजसं मागे जावं तसतशी त्यांची संख्या झपाट्याने ओसरते. २००१ मध्ये ६.२८ ताम्रसृतीच्या एका क्वेसारच्या वर्णपटात, गन-पीटरसन यांनी जो गिळलेला पट्टा शोधला होता, तो अखेर सापडला. हायड्रोजन फुटण्याचं काम महास्फोटानंतर जवळपास एक अब्ज वर्षांनी संपत आलं होतं, आणि तेव्हा क्वेसार विरळ होते. दुसरा पुरावा हेलियमचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४. सामान्य ताऱ्यांकडे इतके तीव्र किरण जवळपास नसतात, कृष्णविवरांभोवतीच्या तप्त वायूकडे भरपूर असतात. म्हणजे हायड्रोजन कृष्णविवरांनी फोडला असता, तर हेलियमही मागोमाग फुटला असता. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने क्यू०३०२-००३ या क्वेसारच्या वाटेत पाहिलं, तर ताम्रसृती ३ च्या आसपास हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन पुष्कळ ठिकाणी अजून जागेवरच होता. दोन घटनांत एक अब्ज वर्षांहून जास्त अंतर. हेलियम फोडण्याचं श्रेय मोठ्या कृष्णविवरांना निःसंशय जातं. तो काळ त्यांच्या भरतीचाच. हायड्रोजनचं काम त्याआधी दुसऱ्या कुणी उरकलं होतं, आणि ते म्हणजे अर्थात तरुण दीर्घिकांमधले जड, निळे तारे.

तरीही कृष्णविवरांची बाजू पुन्हा पुन्हा मांडली गेली. २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या पहिल्या निकालांवरून वाटलं की वायू कल्पनेपेक्षा फार लवकर, पहिल्या वीसेक कोटी वर्षांत फुटला असावा. इतक्या लवकर ताऱ्यांना हे झेपणार नाही म्हणून पिएरो मदाऊ, मार्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लघु-क्वेसारांची, म्हणजे लहान कृष्णविवरांवर चालणाऱ्या क्वेसारांची, कल्पना पुढे आणली. नंतरच्या मोजमापांत या अंदाजामागचा आकडा, म्हणजे फुटलेल्या वायूने महास्फोटाचं प्रारण किती विखुरलं याचं माप, खाली येत गेला आणि प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांत मूळच्या एक-तृतीयांशावर आला. लवकर फुटण्याची निकड संपली. पण त्या वादातून एक गोष्ट हाती लागली जी आधी कडेला पडली होती. अतिनील किरण उदासीन हायड्रोजनच्या पहिल्याच भिंतीला अडकतो, म्हणून तो ताऱ्यांभोवती फुटलेल्या वायूचे काठ ठळक असलेले बुडबुडे तयार करतो आणि बुडबुड्याबाहेरचा वायू गारच राहतो. क्ष-किरणाची गोष्ट निराळी. त्याची ऊर्जा दुप्पट झाली की त्याचा पल्ला आठपट होतो. ताम्रसृती १० च्या वेळी ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण, आजच्या मापाने, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षं जातो. १००० चा शंभर कोटींच्या घरात. तो बुडबुड्याची सीमा ओलांडून ऐन गारठ्यात शिरतो, तिथे एखाद्या अणूतून वेगवान इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्या इलेक्ट्रॉनच्या धडकांतून वायू तापतो. आता हिशेब पाहा. एका अणूमागे १०० केल्विन तापमान वाढवायला सुमारे ०.०१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, फोडायला १३.६. तापवण्याचा खर्च फोडण्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा आहे. जे स्रोत आयनीभवनाच्या हिशेबात नगण्य ठरून बाद झाले, तेच तापमानाच्या हिशेबात सबंध विश्वाला पुरून उरतात. कृष्णविवरं पुरेशी नव्हती असं म्हणणाऱ्यांनी प्रश्न बरोबर सोडवला, फक्त तो दुसरा प्रश्न होता.

पण वायू खरंच आधी तापला होता हे कळायचं कसं? इथे जुन्नर तालुक्यातल्या, नारायणगावजवळच्या खोडदचा संबंध येतो. उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर अतिशय क्षीण रेडिओ संकेत देतो. विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन तो आपल्यापर्यंत मीटरभर किंवा त्याहून लांब लाटांच्या रूपात पोहोचतो. गोविंद स्वरूप यांनी १९८४ च्या सुमारास जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आखली, तेव्हा तिच्या मुख्य उद्दिष्टांत, दीर्घिका घडण्याआधीच्या हायड्रोजनच्या प्रचंड ढगांचा शोध हे एक होतं. हे ढग झेल्दोविच यांच्या सिद्धांतानुसार असायला हवे होते. ते तसे नव्हते. विश्वात लहान रचना आधी आणि मोठ्या नंतर घडल्या. तरी खोडदला दुर्बीण उभी राहिली होती: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या तीन बाहूंवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, प्रत्येक तबकडी पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या तारेच्या जाळीची. १५० मेगाहर्ट्झवर तिला ताम्रसृती साडेआठच्या सुमाराचा, म्हणजे महास्फोटानंतरच्या सुमारे ६० कोटी वर्षांचा हायड्रोजन ऐकू येऊ शकतो. वायू प्रारणापेक्षा खूप थंड असेल, तर त्याचा संकेत तापलेल्या वायूच्या तुलनेत दहापटीहून मोठा असतो. म्हणून संकेत सापडलाच पाहिजे असं नाही. एका मर्यादेपर्यंत कान लावूनही तो ऐकू आला नाही, तरी गार वायूची शक्यता निकालात निघते.

ऐकणं मात्र सोपं नाही. अपेक्षित चढउतार फार तर दोन आकडी मिलिकेल्विनचे, तर आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट शेकडो केल्विनचा. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून डासाची गुणगुण टिपण्यातला हा प्रकार. त्यात जमिनीवरच्या विजेच्या तारांचा उपद्रव. कॅनडातल्या आणि पुण्यातल्या संशोधकांच्या गटाने त्यावर मोठी देखणी युक्ती योजली. पृथ्वी फिरते तसं आकाश दुर्बिणीसमोरून सरकतं, विजेची तार जागची हलत नाही. तेव्हा नोंदींमधला जो भाग आकाशाबरोबर सरकत नाही तो गणिताने वेगळा काढून फेकायचा. मोजणी प्रमाणित करायला त्यांनी पीएसआर बी०८२३+२६ या स्पंदकाचं क्षेत्र निवडलं. तो अर्ध्या सेकंदाला एकदा लुकलुकतो, त्यामुळे तो चालू असतानाची नोंद आणि बंद असतानाची नोंद यांच्या वजाबाकीत फक्त तोच उरतो. २०११ मध्ये निकाल आला: चढउतार ७० मिलिकेल्विनच्या वर नाहीत, म्हणजे अगदी गार वायूची काही प्रारूपं बाद. गारठ्याविरुद्धची अशी साक्ष प्रथम पुणे जिल्ह्यातून निघाली. पण गोंगाट पुसताना खरा संकेतही थोडा पुसला जातो. किती, हे त्यांनी बनावट संकेत नोंदीत मिसळून तपासलं, आणि २०१३ मध्ये तीच मर्यादा २४८ मिलिकेल्विनवर नेऊन ठेवली. गार वायू पुन्हा शक्यतेच्या कक्षेत आला. आपल्याच निकालावर स्वतःहून काट मारणारा हा निबंध मला मूळ दाव्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण या धंद्यातली खरी मेख त्याने सर्वांच्या नजरेस आणली.

नजरेस आणली, पण सर्वांनी ती वेळेत पाहिली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटातल्या पेपर या दुर्बीणसमूहाने २०१५ मध्ये २२.४ मिलिकेल्विनची मर्यादा जाहीर केली आणि तिच्या आधारे वायू तापलेला असल्याचं सांगितलं. संकेत पुसला जाण्याची तीच चूक तिथेही निघाली, २०१८ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला आणि फेरतपासणीत मर्यादा २०० मिलिकेल्विनच्या आसपास आली. त्याच जागी उभ्या राहिलेल्या हेरा या उत्तराधिकाऱ्याने मग धडा घेतला. चौदा मीटरच्या तबकड्यांच्या या समूहाने आधी १८ रात्रींच्या आणि मग ९४ रात्रींच्या नोंदींवरून, संकेतनाश तपासून, ताम्रसृती ७.९ ला २१.४ मिलिकेल्विनची मर्यादा गाठली. निष्कर्ष असा की महास्फोटानंतरच्या ६४ कोटी वर्षांपर्यंत आंतरदीर्घिकीय वायू केवळ प्रसरणाने गारठत राहिलेला नव्हता. त्याला कशाने तरी आच दिली होती. खोडदला जे सांगायचं होतं ते सुमारे दहा वर्षांनी पक्क्या पुराव्यानिशी सांगता आलं.

आच देणारं 'कशाने तरी' म्हणजे कृष्णविवरच, हे मात्र हेराची मर्यादा स्वतःहून सिद्ध करत नाही. ताऱ्यांच्या स्फोटांचे आघात-तरंग, वैश्विक किरण, काहींच्या मते कृष्णद्रव्यसुद्धा, असे इतर उमेदवार आहेत. आघात-तरंगांची धग दीर्घिकेच्या अंगणापलीकडे फारशी जात नाही. उरलेल्यांना पूर्ण बाद करता येत नाही, पण क्ष-किरणांच्या बाजूने एक ठोस मेळ बसतो. हेराची मर्यादा प्रारूपांत बसवण्यासाठी त्या काळातल्या दीर्घिका, त्यांच्यात जन्मणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने, आजच्या दीर्घिकांपेक्षा क्ष-किरणांत अधिक तेजस्वी असाव्या लागतात. आणि तशा त्या असाव्यात असं एका वेगळ्याच दिशेने आधीच म्हटलं गेलं होतं. फेलिक्स मिराबेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं होतं की ज्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं कमी, त्यांचे वारे दुबळे; ते आयुष्यभरात वस्तुमान कमी गमावतात आणि मरताना वजनदार कृष्णविवरं मागे ठेवतात. असं कृष्णविवर जोडीदार ताऱ्याचा वायू ओढू लागलं की क्ष-किरण जोडतारा तयार होतो. विश्वाच्या बालपणी जड मूलद्रव्यं जवळपास नव्हतीच. २०१५ मध्ये गुरुत्वतरंगांची पहिली नोंद झाली ती ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या कृष्णविवरांच्या टकरीची. जड तारकीय कृष्णविवरं कागदावरचा खेळ नाहीत हे त्यातून कळलं. क्ष-किरण जोडताऱ्यांपैकी काहींत कृष्णविवराच्या जागी न्यूट्रॉन तारा असतो हे खरं, आणि तापवण्याचा थोडा वाटा त्यांना द्यायला हवा. पण जड मूलद्रव्यं कमी तशी कृष्णविवरांची बाजू वरचढ होते.

आजचा सर्वांत जोरदार आक्षेप जेम्स वेब दुर्बिणीकडून येतो. डिसेंबर २०२१ मध्ये उडालेल्या या दुर्बिणीने लहानग्या विश्वात मोठ्या कृष्णविवरांची अपेक्षेपलीकडची गर्दी दाखवली. यूएचझेड१ ही दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या ४७ कोटी वर्षांची. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला तिच्यातून क्ष-किरण मिळाले, आणि तिच्या कृष्णविवराचं वस्तुमान तिच्यातल्या एकूण ताऱ्यांच्या तोडीचं निघालं, जे प्रमाण आज हजारात एक असतं. मोठ्या कृष्णविवरांची अशी अतिजड बीजं असावीत असं खगोलभौतिकशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आधीच म्हणत होत्या. त्यात 'छोटे लाल ठिपके' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पोटात कृष्णविवर असावं असं मानल्या जाणाऱ्या वस्तूंची भर पडली आणि २०२४ मध्ये मदाऊ यांनी, २००४ आणि २०१५ नंतर तिसऱ्यांदा, आयनीभवन कृष्णविवरांनीच केलं असेल का हा प्रश्न मांडला. चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. परंतु या लाल ठिपक्यांवर चंद्राच्या दीर्घ नोंदी रचून पाहिल्या तर क्ष-किरण जवळपास सापडत नाहीत. एक तर ही कृष्णविवरं दाट वायूच्या कोशात गुरफटलेली आहेत, नाहीतर ती मुळातच क्ष-किरणांत मंद आहेत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी दूरच्या वायूपर्यंत त्यांचे क्ष-किरण फारसे पोहोचत नाहीत, आणि ती बाहेर जे पाठवत असतील त्याला हेलियमची अट लागूच राहते. राक्षसांनी आपल्या दीर्घिकेतला वायू हुसकावला असेल, क्वेसार बनलेल्या मोजक्यांनी लाखो प्रकाशवर्षांचे बुडबुडे फुगवले हे तर वर्णपटात दिसतं. ते त्यांचं अंगण. मधला अफाट माळ तापवायला जी सर्वदूर पेरलेली, दर तीस-चाळीस लाख वर्षांत मरणाऱ्या जड ताऱ्यांमागून नव्याने उगवणारी फौज लागते, ती लहान कृष्णविवरांचीच.

हा वाद कायमचा अनिर्णित राहण्यासारखा नाही. अनास्तासिया फियालकोव्ह, रेनन बरकाना आणि एली व्हिस्बल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जोडताऱ्यांचे क्ष-किरण तीव्र ऊर्जेचे, म्हणून लांब पल्ल्याचे असतात. ते वायू उशिरा आणि एकसारखा तापवतात. मोठ्या कृष्णविवरांकडून सुटलेले सौम्य क्ष-किरण असते, तर तापलेली ठळक ठिगळं पडली असती आणि २१ सेंटिमीटरच्या नकाशात मोठ्या अंतरांवर चढउतार वाढलेले दिसले असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली, १,३१,०७२ अँटेनांची स्क्वेअर किलोमीटर ॲरेची कमी कंपनांची शाखा ५० ते ३५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात नेमके हेच नकाशे काढू पाहणार आहे. भारत त्या प्रकल्पाचा सदस्य आहे आणि खोडदची दुर्बीण चालवणारं पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र भारताच्या सहभागाचं नेतृत्व करतं. नकाशात ताम्रसृती १५ च्या आसपासच ठिगळं दिसली, तर श्रेय राक्षसांकडे वळवावं लागेल. तापमान ताम्रसृती १० च्या अलीकडे आणि सपाटपणे चढलेलं दिसलं, तर ते लहानांकडेच राहील.